पुन्हा प्रयत्न करताना : गर्भपातांनंतरच्या गोळ्या, इंजेक्शनं आणि सप्लिमेंट

दोन-तीन गर्भपात सोसलेली जोडपी आमच्या औषधांच्या काउंटरवर येतात तेव्हा हातात चिठ्ठी सहसा एकच नसते. जुन्या डॉक्टरांची एक, नव्या डॉक्टरांची एक, शिवाय कुणीतरी आपुलकीने सुचवलेली एखादी डबी. आम्ही सगळी पिशवी तिथेच रिकामी करायला सांगतो. वेगवेगळ्या नावांच्या तीन डब्या निघतात आणि तिन्हींच्या मागे बारीक अक्षरांत तेच फॉलिक अ‍ॅसिड, तेच ड जीवनसत्त्व असतं. हे पत्रक त्या पिशवीसाठी आहे. प्रत्येक स्ट्रिपबद्दल एवढं कळायला हवं : ही कशासाठी, कधी सुरू करायची आणि कधी थांबवायची?

एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण ती आम्हाला दबक्या आवाजात खूपदा विचारली जाते. मागच्या वेळी एखादी गोळी चुकली म्हणून गर्भ गेला नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो आणि तो कुठल्याही गोळीने टळत नाही.

फॉलिक अ‍ॅसिड मात्र नक्की घ्या. रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून ते १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत. बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया असलेली नलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकल्याचं लक्षात येऊन टेस्ट करेपर्यंत त्यातला निम्मा वेळ गेलेला असतो, म्हणून आधीपासून सुरुवात. फॉलिक अ‍ॅसिड त्या नलिकेतल्या दोषांपासून वाचवतं. गर्भपात रोखण्याचं औषध म्हणून ते सिद्ध झालेलं नाही. मधुमेह, फिटची औषधं, थॅलेसेमिया किंवा आधीच्या बाळात असा दोष असेल तर डॉक्टर ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. ती नेहमीच्या मात्रेच्या बारा पटींहून जास्त असते, तेव्हा पाकिटावर ‘मिलिग्रॅम’ आहे की ‘मायक्रोग्रॅम’ हे वाचूनच घ्या.

प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवायला लागणारं हॉर्मोन, याबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न येतात. कारण न सापडलेल्या वारंवार गर्भपातांत ते सरसकट द्यावं का, हे ८३६ स्त्रियांवर तपासलं गेलं आणि निष्कर्ष २०१५ साली आला. औषध घेणाऱ्यांपैकी ६५.८ टक्के आणि नुसती दिखाऊ, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ६३.३ टक्के स्त्रियांना बाळ झालं. हा फरक औषधाचाच म्हणता येण्याइतका नव्हता. पण आमच्या मते या आकड्यांतली मोठी बातमी दुसरीच आहे : काहीही औषध न मिळालेल्या दर पाच जणींपैकी तिघींहून अधिक जणी आई झाल्या.

२०१९ च्या दुसऱ्या अभ्यासात चार हजारांहून जास्त गर्भवती होत्या, सगळ्यांना सुरुवातीला रक्तस्राव झालेला. एकूण गटात फरक थोडाच पडला. ज्यांचे आधी तीन किंवा जास्त गर्भपात झाले होते त्यांच्यात मात्र बाळ होण्याचं प्रमाण ५७ वरून ७२ टक्क्यांवर गेलं. त्यामुळे आधी गर्भपात झालेला असेल आणि या वेळी डाग दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. त्या अभ्यासातली मात्रा ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा योनीमार्गात ठेवायची, १६ आठवड्यांपर्यंत, अशी होती. रक्तस्रावासोबत पोटात जोराची कळ, खांद्यात दुखणं किंवा चक्कर असेल तर तडक दवाखाना गाठा. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत अडकल्याची ती खूण असू शकते.

हे औषध वापरताना तीन गोष्टी लक्षात असू द्या. योनीमार्गात ठेवलेल्या गोळीचा पांढरट मेणासारखा भाग बाहेर येतो. औषध वाया गेलं असं समजू नका. प्रोजेस्टेरॉनने पाळी लांबते, तेव्हा नुसत्या उशिरावरून दिवस राहिले असं धरू नका. आणि स्वतःच्या मनाने ते पाळीनंतर लगेच सुरू करू नका, बीज बाहेर पडण्यातच अडथळा येऊ शकतो. एचसीजीचं (घरच्या टेस्टमध्ये जे हॉर्मोन शोधलं जातं त्याचं) इंजेक्शन घेतलं असेल तर दोन आठवडे घरी टेस्ट करू नका. त्या इंजेक्शनमुळेच दोन रेघा उमटतात, आणि नंतर त्या खोट्या ठरल्या की काय वाटतं हे आम्ही काउंटरच्या या बाजूने पाहिलं आहे.

अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधांची खरी जागा अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये आहे. यात शरीरातल्या प्रतिपिंडांमुळे (अँटिबॉडींमुळे) रक्त गोठण्याकडे झुकतं. निदानासाठी रक्ततपासणी निदान १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावी लागते, एका रिपोर्टवर भागत नाही. १९९७ च्या अभ्यासात अशा स्त्रियांना फक्त अ‍ॅस्पिरिन दिल्यावर ४२ टक्के, तर सोबत हेपॅरिन दिल्यावर ७१ टक्के वेळा बाळ झालं. पण कारण सापडलेलं नसताना दोन्हींचा उपयोग २०१० च्या अभ्यासात दिसला नाही. म्हणून ‘मैत्रिणीला दिलं होतं, मलाही द्या’ असं कुणी म्हटलं तर आम्ही नाही म्हणतो. रक्त पातळ करणारं औषध आहे, ‘असू दे सोबत’ म्हणून घ्यायचं नाही. डॉक्टरांनी लिहिलेलं अ‍ॅस्पिरिन ७५ ते १०० मिलिग्रॅमचं असतं. डोकेदुखीचं ३०० चं त्याऐवजी चालत नाही.

हेपॅरिन पहिल्यांदा घरी टोचायचं असेल तर आमच्यासमोर एकदा करून बघा. बेंबीपासून चार बोटं बाजूला पोटाची कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत, औषध सावकाश, आणि सुई निघेपर्यंत चिमूट सोडायची नाही. आधीच भरलेली सिरिंज पूर्ण घ्यायची असेल तर आतला हवेचा बुडबुडा काढू नका. नंतर ती जागा चोळू नका, चोळल्याने काळंनिळं जास्त होतं. हेपॅरिन वारेतून बाळापर्यंत पोचत नाही.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती रिकाम्या पोटी घ्या आणि लोह-कॅल्शियमपासून चार तास दूर ठेवा, नाहीतर ती नीट शोषलीच जात नाही. टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच डॉक्टरांना कळवा. गरोदरपणात मात्रा बहुधा वाढवावी लागते. थायरॉइड नॉर्मल आहे, फक्त अँटिबॉडी सापडल्या, अशा स्त्रियांना ही गोळी देऊन गर्भपात कमी झाले नाहीत, हे २०१९ मध्ये दिसलं आहे.

काही डब्या आम्ही बाजूला काढून ठेवतो. अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात रोज १०,००० युनिटच्या वर गेलं तर गर्भाला धोका असतो. माशांच्या यकृताच्या तेलात ते भरपूर असतं. केस-नखांच्या गोळ्यांतलं बायोटिन थायरॉइडचे आणि इतर हॉर्मोनचे रिपोर्ट चुकवू शकतं, तेव्हा रक्त देण्याआधी सांगा. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं या काळात स्वतःहून घेऊ नका. मूळ घटक लिहिलेले नसतील तर ती वनौषधीही नको.

मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, संधिवाताचं मेथोट्रेक्सेट, फिटचं व्हॅल्प्रोएट किंवा रक्तदाबाची ‘प्रिल’ने संपणारी गोळी चालू असेल तर प्रयत्न सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा. फिटची गोळी मात्र एकदम बंद करू नका. झटके परत येणं आई आणि बाळ दोघांनाही घातक आहे.

नवऱ्याची पिशवीही आणा. शरीर कमावण्यासाठी घेतलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्राणू तयार होणंच थांबवतं. शुक्राणू तयार व्हायला अडीच ते तीन महिने लागतात, म्हणून त्यांच्या औषधांतला बदल तेवढा आधी करावा लागतो.

काउंटरवर गर्दीत मागचं काही सांगावं लागणार नाही. ‘पिशवी बघायची आहे’ एवढंच म्हणा, आम्ही आत बसून एकेक स्ट्रिप तुमच्यासोबत वाचू.