सांकारा, थॉमस
(२१ डिसेंबर १९४९ – १५ ऑक्टोबर १९८७). पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासोचे लष्करी अधिकारी व १९८३ पासून मृत्यूपर्यंत राष्ट्रप्रमुख. जन्म याको येथे. देशाचे नाव तेव्हा अपर व्होल्टा होते व त्यावर फ्रेंचांचा अंमल होता. मुलाने पाद्री व्हावे अशी घरच्यांची इच्छा. त्यांनी मात्र राजधानी वागाडुगूतील लष्करी शाळेची वाट धरली. पुढचे शिक्षण मादागास्करमधील अंत्सिराबेच्या लष्करी अकादमीत झाले. तिथे असतानाच १९७२ मध्ये जनतेच्या उठावापुढे राष्ट्राध्यक्ष त्सिरानाना यांना हटावे लागले. अकादमीतल्या कवायतीपेक्षा या उठावाने त्यांना अधिक शिकवले असावे.

१९७४ च्या माली सीमायुद्धात त्यांचे नाव झाले, पण पुढे ते युद्ध त्यांनी स्वतःच निरर्थक ठरवले. १९७६ मध्ये पो येथील कमांडो प्रशिक्षण केंद्राची सूत्रे त्यांच्याकडे आली. सप्टेंबर १९८१ मध्ये माहिती खात्याचे मंत्रिपद मिळाले, तेव्हा ते मंत्रिमंडळाच्या बैठकीला सायकलवरून गेले. जनतेचे तोंड बंद करणाऱ्यांचा धिक्कार करीत १९८२ मध्ये त्यांनी ते पद सोडले. जानेवारी १९८३ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि मार्चमध्ये त्याच नात्याने नवी दिल्लीतील अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेला आले. फिदेल कास्त्रोंशी त्यांची गाठ येथेच पडली. दोनच महिन्यांनी त्यांना अटक झाली. अखेर ४ ऑगस्ट १९८३ रोजी मित्र ब्लेझ कोंपाओरे यांच्या नेतृत्वाखालील सैनिकांनी सत्ता उलथवली व सांकारा वयाच्या ३३ व्या वर्षी राष्ट्रप्रमुख झाले.

वर्षभराने त्यांनी देशाचे नाव बदलले. ‘बुर्किना’ हा मोरे भाषेतला शब्द सचोटीचा, तर ‘फासो’ हा द्यूला भाषेतला शब्द वडिलांच्या घराचा अर्थ देतो; तेथील नागरिकासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘बुर्किनाबे’ या शब्दातला ‘बे’ फुला भाषेतून घेतला आहे. तीन भाषिक समाजांना एकाच नावात गुंफण्याची ही युक्ती होती. राष्ट्रगीतही त्यांनीच लिहिले. गिटार ते आधीपासून वाजवत.

सरकारी मर्सिडीज विकून त्यांनी मंत्र्यांना छोट्या रेनो ५ गाड्या दिल्या. नोकरदारांना ‘फासो दान फानी’ हे हातमागाचे देशी सुती कापड वापरायला लावले; मराठी वाचकाला इथे खादी आठवेल. या गोष्टी आवडीने सांगितल्या जातात, पण १९८४ च्या अखेरची लसीकरण मोहीम त्यांहून मोठी होती. गोवर, मेंदुज्वर व पीतज्वराविरुद्ध सुमारे दोन आठवड्यांत जवळपास २५ लाख मुलांना लस टोचली गेली. वाळवंटाला अडवण्यासाठी लक्षावधी झाडे लावली गेली. स्त्रियांचे जननेंद्रिय छेदन, सक्तीचे विवाह व बहुपत्नीत्व यांविरुद्ध ते उघड बोलत.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जून १९८४ मध्ये कटाच्या आरोपावरून सात जणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्याच वर्षी संप करणाऱ्या १,३०० हून अधिक शिक्षकांना बडतर्फ करण्यात आले; निरक्षरता हटवू पाहणाऱ्या राजवटीने स्वतःच्याच पायावर मारलेली ही कुऱ्हाड होती. क्रांतीच्या रक्षणासाठी राजवटीने ठिकठिकाणी उभारलेल्या ‘क्रांती रक्षण समित्यां’तील बंदूकधारी तरुणांची दहशत लोकांना नकोशी झाली. डिसेंबर १९८५ मध्ये मालीशी पुन्हा युद्ध झाले, तेही त्याच सीमेसाठी.

जुलै १९८७ मध्ये आदिस अबाबा येथील आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या परिषदेत त्यांनी परकीय कर्ज एकजुटीने नाकारण्याचे आवाहन केले. एकटा बुर्किना फासो नकार देईल, तर पुढच्या परिषदेला मी नसेन, असेही ते म्हणाले. १५ ऑक्टोबर रोजी वागाडुगूत एका बैठकीत असताना सैनिकांनी त्यांना १२ सहकाऱ्यांसह ठार केले. मृत्यूच्या दाखल्यावर ‘नैसर्गिक मृत्यू’ असे लिहिले गेले. सत्ता कोंपाओरे यांच्याकडे गेली व २०१४ च्या जनउठावापर्यंत, म्हणजे २७ वर्षे, त्यांच्याकडेच राहिली. ६ एप्रिल २०२२ रोजी लष्करी न्यायालयाने त्यांना, ते आयव्हरी कोस्टमध्ये आश्रयाला असतानाच, या खुनाबद्दल जन्मठेप सुनावली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सांकारांचे अवशेष जिथे ते मारले गेले तिथेच पुन्हा पुरण्यात आले. ही जागा मान्य नसल्याने कुटुंबीय त्या विधीला आले नाहीत.