अमेरिकेने सत्ता वाटून का टाकली?

अध्यक्षांचा हुकूम न्यायालय थांबवते, काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, कायदा अध्यक्ष परत पाठवतात. लांबून पाहताना वाटते, अमेरिकेत कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही. पण ही अडवाअडवी घटनाकारांनी मुद्दाम आखलेली आहे.

ब्रिटिश राजाशी लढून सुटलेल्या १३ राज्यांना डोक्यावर दुसरा धनी नको होता. त्यामुळे १७८१ मध्ये लागू झालेल्या, राज्यांना एकत्र बांधणाऱ्या पहिल्या करारात केंद्राला कर बसवण्याचाही अधिकार नव्हता. राज्यांकडे पैसे मागायचे आणि वाट पाहायची.

१७८६ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्समधले शेतकरी कर आणि कर्जाखाली पिचले. आधी दावा, मग कोर्टाचा हुकूम, मग जप्ती. आपल्याकडच्या वाचकाला हे चित्र नवे नाही. शेतकऱ्यांनी कोर्टेच बंद पाडली. त्यांच्या पुढाऱ्यांतला डॅनिएल शेज स्वातंत्र्ययुद्धात लढलेला होता. बंड मोडायला केंद्राकडे फौज नव्हती की पैसा. अखेर बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी पैसे घातले, तेव्हा राज्याची फौज उभी राहिली. राजाच्या जुलमाचा धसका घेतलेल्यांना आता दुबळ्या सरकारचीही भीती वाटू लागली.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात आजची घटना तयार करणाऱ्या ५५ प्रतिनिधींपुढे हाच पेच होता: सरकार बळकट हवे, पण मोकाट नको. सत्तेचे विभाजन ही फ्रेंच विचारवंत माँटेस्क्यूची कल्पना त्यांना परिचयाची होती. त्यांच्यातल्याच जेम्स मॅडिसनने पुढे तिचे मर्म सांगितले. माणसे देवदूत असती तर सरकारच लागले नसते. ती तशी नाहीत, म्हणून एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेने आवर घालायचा. मला हा विचार फार मोलाचा वाटतो, कारण तो राज्यकर्त्याच्या भलेपणावर विसंबत नाही.

मात्र याच घटनेत राज्यांची लोकसंख्या मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असे ठरले. त्यांना मत नव्हते, पण त्यांच्या संख्येवर मालकांच्या राज्यांना प्रतिनिधिगृहात जादा जागा मिळाल्या. मूळ मजकुरात ‘गुलाम’ हा शब्दही येऊ दिलेला नाही. राज्यकर्त्यांवर इतका अविश्वास दाखवणाऱ्यांनी गुलामांच्या मालकांवर मात्र काहीच अंकुश ठेवला नाही, ही मला या घटनेतली सर्वांत मोठी खोट वाटते. ती दूर व्हायला यादवी युद्ध आणि १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती लागली.

१८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना दास्यातून सोडवताना हाच कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनी त्या अर्पणपत्रिकेतच लिहून ठेवली आहे.