मातृवंश की पूर्ण जीनोम? प्राचीन हाडांतले दोन डीएनए

प्राचीन सांगाड्याचा डीएनए मिळाल्याची बातमी वाचली, की पहिला प्रश्न असावा: कुठला डीएनए? पेशीत तो दोन ठिकाणी असतो: पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक भागांत आणि पेशीच्या केंद्रकात. दोन्हींची गल्लत झाली की भलतेच निष्कर्ष निघतात, आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांबाबत ते निघालेही आहेत.

मायटोकॉन्ड्रियातला डीएनए अगदी छोटा, १६,५६९ रासायनिक ‘अक्षरांचा’. पण एकेका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात, म्हणून हजारो वर्षं मातीत राहिलेल्या हाडातूनही तो हाती लागतो. तो फक्त आईकडून येतो; त्यावरून कळणाऱ्या आई, आजी, पणजी अशा रेषेला मातृवंश म्हणतात. दहा पिढ्या मागे गेलं तर वंशवृक्षात १,०२४ जागा असतात, आणि हा डीएनए त्यांतल्या एकाच स्त्रीचा असतो. बाकीच्या १,०२३ जागांबद्दल तो काहीच सांगत नाही.

केंद्रकातला डीएनए सुमारे ३ अब्ज अक्षरांचा. तो आई-वडील दोघांकडून येतो आणि दर पिढीत त्याची सरमिसळ होते, त्यामुळे एकाच माणसाच्या जीनोममध्ये, म्हणजे या संपूर्ण डीएनएमध्ये, कितीतरी पूर्वजांचे तुकडे असतात. मात्र पेशीमागे प्रती दोनच, त्यामुळे जुन्या हाडातून तो पुरेसा मिळवणं फार जिकिरीचं.

फरक किती मोठा ठरतो, हे सैबेरियात बैकाल सरोवराजवळच्या माल्टा इथल्या मुलावरून कळतं. तो सुमारे २४,००० वर्षांपूर्वीचा. मातृवंशांच्या गटांना अक्षरांची नावं दिलेली आहेत. त्याचा मातृवंश ‘यू’ गटाचा, तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे मातृवंश ए, बी, सी, डी आणि एक्स या गटांतले. एवढंच पाहिलं असतं तर दोघांचा काही संबंध नाही असं म्हणून विषय संपला असता. २०१३च्या अखेरीस त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला आणि चित्र पालटलं: मूळ अमेरिकी लोकांच्या वंशातला १४ ते ३८ टक्के वाटा या मुलाच्या समूहाशी नातं असलेल्या लोकांकडून आला आहे. उरलेला पूर्व आशियाकडचा.

केनेविकची गोष्ट याहून वेदनादायक. १९९६ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात केनेविक इथे कोलंबिया नदीकाठी सुमारे ८,५०० वर्षांपूर्वीच्या पुरुषाचा सांगाडा सापडला. कवटीच्या ठेवणीवरून तो मूळ अमेरिकी नसावा असं काही तज्ज्ञांनी म्हटलं. त्याला आपला पूर्वज मानणाऱ्या जमातींनी दफनासाठी तो परत मागितला, पण २००४ मध्ये न्यायालयाचा निकाल सांगाडा तपासू पाहणाऱ्या अभ्यासकांच्या बाजूने लागला. पुढे त्याचा मातृवंश ‘एक्स२ए’ निघाला. एक्स गटाच्या इतर शाखा युरोपात आणि पश्चिम आशियात आढळतात, आणि याच आधारावर काही जण अटलांटिक ओलांडून आलेल्या युरोपीय पूर्वजांची कल्पना मांडत होते. २०१५ मध्ये डॅनिश जनुकशास्त्रज्ञ एस्के विलरस्लेव्ह यांच्या गटाने हाताच्या हाडातून मिळवलेल्या जीनोमने निर्वाळा दिला: हा माणूस जगातल्या इतर कुठल्याही लोकांपेक्षा आजच्या मूळ अमेरिकी लोकांच्या जवळचा. तुलनेसाठी, सांगाडा परत मागणाऱ्यांपैकी कोलव्हिल जमातींच्या सदस्यांनी स्वतःचा डीएनए दिला होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याचं पुन्हा दफन झालं. जमाती पहिल्या दिवसापासून जे सांगत होत्या ते मान्य व्हायला वीस वर्षं लागावीत, हे मला अन्यायाचं वाटतं.

अर्थात जीनोमही सगळं सांगत नाही. ज्यांचे नमुने उपलब्ध आहेत त्यांच्याशीच तो तुलना करू शकतो, आणि ‘सर्वांत जवळचा’ म्हणजे थेट पूर्वज नव्हे. अमुक माणूस अमुक जमातीचा, हे ठरवणं तर त्याचं कामच नाही. ते त्या जमातीने ठरवायचं.

तरीही मातृवंशाचा अभ्यास टाकाऊ ठरत नाही. एकाच रेषेत, सरमिसळीविना उतरत असल्यामुळे कुठली शाखा कधी फुटली आणि कधी खुंटली याचा माग तो चांगला देतो. २०१६ मध्ये अमेरिका खंडांतल्या, मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या, ८,६०० ते ५०० वर्षं जुन्या ९२ व्यक्तींचा मायटोकॉन्ड्रियातला संपूर्ण डीएनए तपासला गेला. त्यांतला एकही मातृवंश तुलनेला घेतलेल्या आजच्या लोकांमध्ये सापडला नाही. युरोपीय वसाहतींच्या काळात किती कुळं पुसली गेली असतील, याचा हा अंदाज आईच्या बाजूच्या त्या छोट्या डीएनएनेच दिला.