भारतीय अंटार्क्टिका मोहिमेचे नेतृत्व

भारतातून अंटार्क्टिकाला जाणाऱ्या वैज्ञानिक मोहिमेचा प्रवास, तेथील संशोधनाची कामे आणि माणसांची सुरक्षितता यांची जबाबदारी वाहण्याचे काम. मोहिमांची आखणी गोव्यात वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र करते. एकाच मोहिमेत एकापेक्षा अधिक नेते असतात. जहाजाचा प्रवास एक जण पाहतो, तर ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या दोन तळांना आपापले नेते असतात. ही दोन्ही केंद्रे एकमेकांपासून दोन हजार किमीहून अधिक दूर असल्याने एका नेत्याने दोन्हीकडे पाहणे शक्यच नसते.

पहिली मोहीम सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. ‘पोलर सर्कल’ हे भाड्याने घेतलेले नॉर्वेजियन जहाज आणि २१ सदस्य असा तिचा पसारा होता. तयारी गुप्त ठेवली गेली होती. ९ जानेवारी १९८२ रोजी ही तुकडी अंटार्क्टिकावर उतरली आणि फेब्रुवारीत गोव्याला परतली. दुसऱ्या मोहिमेचे नेते हिमनदीतज्ज्ञ विजयकुमार रैना होते. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत भूभौतिकशास्त्रज्ञ डॉ. हर्ष गुप्ता यांच्यापुढचे काम सर्वांत अवघड होते: एका उन्हाळ्यात ‘दक्षिण गंगोत्री’ हे केंद्र उभारायचे आणि जहाज परत फिरण्यापूर्वी तेथे माणसे राहू शकतील अशी सोय करायची. ते काम पुरे झाले. लेफ्टनंट कर्नल सत्यस्वरूप शर्मा यांच्या नेतृत्वाखाली १२ जणांनी तेथे भारताचा पहिला हिवाळी मुक्काम केला. याच मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या आणि पुणे विद्यापीठातून पदवी घेतलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत व भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या स्त्रिया ठरल्या. सप्टेंबर १९८३ मध्ये अंटार्क्टिका करारात (त्या खंडाच्या वापराचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार) भारताला मताधिकार असलेले सदस्यत्व मिळाले, त्यामागे आधीच्या दोन मोहिमांचे काम होते.

नेत्याचा अधिकार हुद्द्यावरून येत नाही, हे या पदाचे खरे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. सदस्य भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, हवामान विभाग, पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था, विद्यापीठे, सैन्यदले अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. त्यांचे साहेब भारतात असतात. भूवैज्ञानिकाला डोंगरात जायला हेलिकॉप्टर हवे असते, त्याच दिवशी इंधनाची पिंपे उतरवायलाही तेच हवे असते आणि स्वच्छ हवेचे दिवस मोजकेच मिळतात. कोणाचे काम आज करायचे आणि कोणाचे पुढे ढकलायचे, हे नेता ठरवतो. ज्याचे काम मागे पडले, त्यानेही उद्या माल उतरवायला हात लावला पाहिजे. म्हणून इथे हुकमापेक्षा विश्वास उपयोगी पडतो.

निवड झालेल्यांची शारीरिक व मानसिक तपासणी होते. उत्तराखंडातील औली येथे भारत-तिबेट सीमा पोलिसांकडून त्यांना बर्फात वावरण्याचे प्रशिक्षण मिळते. एकमेकांची पारख इथूनच सुरू होते. बर्फातल्या भेगा ताज्या हिमाने झाकल्या जात असल्याने वरून दिसत नाहीत. त्यामुळे किनाऱ्यापासून ‘मैत्री’पर्यंत सामान नेणारा गाड्यांचा ताफा ठरलेल्या खुणांच्या वाटेवरूनच चालतो.

उन्हाळी तुकडी परतल्यावर तळावर वीस-पंचवीस माणसे उरतात. ‘मैत्री’वर सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. या काळात नेत्यापुढचे आव्हान थंडीपेक्षा माणसांच्या मनाचे असते: झोप बिघडते, क्षुल्लक बोलण्यावरून अबोला धरला जातो, कोणी जेवायला यायचे टाळतो. जेवणाच्या टेबलावरची रिकामी खुर्ची वेळीच ज्याच्या ध्यानात येते, तो चांगला नेता. स्वयंपाकघरातील मदत आणि साफसफाईच्या पाळ्या सर्वांनाच असतात. त्याला ‘गॅली ड्यूटी’ म्हणतात. नेताही आपल्या पाळीला भांडी घासतो. बाहेर वादळ असताना एका इमारतीतून दुसरीकडे जायचे तर बांधलेला दोर धरूनच जावे लागते.

या कामाची किंमतही मोठी आहे. जानेवारी १९९० मध्ये नवव्या मोहिमेतील चार सदस्य डोंगराळ भागातील तळछावणीत, तंबूमध्ये कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून मरण पावले. त्या उंचीवर, उघड्या बर्फावर, ऊब मिळवणे आणि हवा खेळती ठेवणे या दोन गरजा एकमेकींच्या विरोधात जातात. छावणीला परवानगी देणाऱ्या नेत्याला हे सतत ध्यानात ठेवावे लागते.

समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फावर बांधलेली ‘दक्षिण गंगोत्री’ हळूहळू हिमाखाली गाडली गेली. शिर्माकर टेकड्यांच्या उघड्या खडकावर ‘मैत्री’ १९८९ मध्ये उभी राहिली. लार्समन टेकड्यांवरील ‘भारती’ १३४ मालवाहू कंटेनर वापरून बांधलेली असून ती २०१२ पासून कार्यरत आहे.

अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणासाठी झालेल्या १९९१ च्या माद्रिद संधिपत्रानंतर नेत्याच्या जबाबदारीत आणखी भर पडली. केंद्रावरचा कचरा वर्गवारी करून जहाजाने परत न्यावा लागतो, आणि २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिका कायद्यानुसार भारतीय मोहिमेसाठी परवाना बंधनकारक आहे. शिर्माकर टेकड्यांतील, जुन्या केंद्राचेच नाव असलेल्या दक्षिण गंगोत्री हिमनदीच्या मुखाची (खालच्या टोकाची) मोजणी भारतीय भूवैज्ञानिक गेली चार दशके करत आहेत. हा भाग २००५ पासून करारांतर्गत विशेष संरक्षित क्षेत्र असल्याने मोहिमेतील कोणालाही परवान्याशिवाय तेथे जाता येत नाही.