‘तरुण आहे, सोसेल’ म्हणण्याआधी

घरातल्या बाईला कॅन्सर निघाला की नातेवाइकांची दोन वाक्यं ठरलेली असतात. पेशंट पासष्टीची असेल तर “तिला सांगू नका, हाय खाईल”, आणि तिशीतली असेल तर “तरुण आहे, सोसेल”. गर्भाशयमुख, गर्भाशय आणि बीजकोश यांच्या कॅन्सरपुरतं बोलायचं, तर अभ्यासांमधून बहुतेक वेळा याच्या उलट चित्र दिसतं. निदानानंतरची चिंता, नैराश्य, उडालेली झोप हे सगळं तरुण बायकांमध्ये जास्त आढळतं, आणि वयाबरोबर ते सरासरीनं कमी होत जातं.

स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टन्सन यांनी वय आणि भावना यांवर आयुष्यभर काम केलं. त्यांचं म्हणणं असं, की आपल्यापुढे किती काळ उरलाय असं माणसाला वाटतं, त्यावर त्याची उद्दिष्टं ठरतात. म्हातारपणी माणूस आधीच आजच्या दिवसाकडे आणि जवळच्या चार माणसांकडे वळलेला असतो. तिशीतली बाई पुढच्या वीस वर्षांचे बेत करत असते: मूल, नोकरी, घराचे हप्ते. निदानानं त्या सगळ्यावरच घाला पडतो. हे मला पटतं, पण यात सगळा भार मनावर पडतो. शरीराचाही यात मोठा वाटा आहे, आणि तो मला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण त्यावर उपाय आहेत.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत 10 ते 20 लाख अपक्व बीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि पाळी जाते तेव्हा जेमतेम हजारभर. नवीन बीजं तयार होत नाहीत. त्यातच ही बीजं कॅन्सरवर देतात त्या किरणांना (रेडिएशनला) फार हळवी असतात. डीएनए तुटला की बीजातलं पी63 नावाचं प्रथिन ते ओळखतं आणि त्या बीजाला मरायला लावतं. सदोष बीजापासून गर्भ राहू नये म्हणून निसर्गानं केलेली ही सोय आहे. दोन ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं माप) इतक्या किरणांत अशी निम्मी बीजं संपतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला ओटीपोटावर किरणांचा जो शेक देतात, तो रोज साधारण 1.8 ते 2 ग्रे, असे 25 दिवस, एकूण 45 ते 50 ग्रे. तीस वर्षांच्या बाईचे बीजकोश पुरते बंद पडायला अंदाजे 14 ग्रे पुरतात. म्हणजे ते किरणांच्या वाटेत असतील, तर दुसऱ्या आठवड्यातच खेळ संपतो. पंचावन्न वर्षांच्या बाईला तेवढाच शेक दिला तरी हे नुकसान होत नाही, कारण तिथे संपायला काही उरलेलंच नसतं.

बीजं गेली की बीजकोशांत बनणारं इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोनही जातं. एरवी पाळी जाताना हा उतार काही वर्षांचा असतो. शेकानं तो काही आठवड्यांत येतो, आणि ऑपरेशनमध्ये बीजकोश काढले तर दोनेक दिवसांत. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे. तिथल्या काही चेतापेशी किसपेप्टिन, न्यूरोकायनिन बी आणि डायनॉर्फिन ही तीन रसायनं बनवतात. इस्ट्रोजेन त्यांना लगाम घालतं. अमेरिकेतल्या नेओमी रान्स यांनी पाळी गेलेल्या स्त्रियांच्या मेंदूंचे काप मरणोत्तर तपासले, तेव्हा या पेशी फुगलेल्या दिसल्या. लगाम सुटला की न्यूरोकायनिन बी वाढतं, ते शेजारच्या तापमान-केंद्रातल्या पेशींवरच्या एनके3 या ग्राहीवर (रसायनाचा निरोप घेणाऱ्या प्रथिनावर) जाऊन बसतं, आणि केंद्राचा समज होतो की शरीर फार तापलंय. एरवी शरीराचं तापमान 0.4 अंशांच्या आसपास इकडेतिकडे झालं तरी हे केंद्र दुर्लक्ष करतं. वाफा येणाऱ्या, म्हणजे अंग एकदम तापून घाम फुटणाऱ्या, बायकांमध्ये ती सवलत जवळजवळ शून्यावर येते. बिघडलेल्या थर्मोस्टॅटचा फ्रीज जसा पुन्हा पुन्हा चालू होतो, तसं मग शरीर उगाच घाम सोडत राहतं. रात्री दोन वाजता मान-छाती एकदम तापते, ब्लाउज ओला होतो, पंखा वाढवावा लागतो, पाच मिनिटांनी हुडहुडी भरते, आणि पहाटेपर्यंत हेच तीन-चारदा. अशी महिनोन्‌महिने झोप मोडलेल्या बाईला “मन घट्ट कर” म्हणायचं?

यातलं बरंच काही टाळता किंवा हलकं करता येतं. शेक सुरू होण्याआधी, योग्य पेशंटमध्ये, दुर्बिणीच्या ऑपरेशननं बीजकोश उचलून किरणांच्या वाटेबाहेर वर टाचता येतात. बीजं गोठवून ठेवता येतात. गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा स्क्वॅमस प्रकारचा, म्हणजे वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा, असतो. तो इस्ट्रोजेनवर वाढत नाही, त्यामुळे अशा तरुण पेशंटला डॉक्टर हार्मोनच्या गोळ्या देऊ शकतात. हाडांसाठीही त्यांचा उपयोग होतो. शेकानंतर योनीमार्ग आकसू नये म्हणून डायलेटर (मार्ग मोकळा ठेवणारी गुळगुळीत नळी) वापरायला शिकवतात. हे विचारायला घरच्यांसमोर जीभ रेटत नाही, म्हणून डॉक्टरांशी एकटीनं बोलायला वेळ मागावा. आजार कॅन्सरपूर्व अवस्थेत सापडला तर बीजकोशांना धक्काच लागत नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखावर बायकांवर झालेला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच केलेल्या तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते.

चाळिशीत वेगळंच ओझं असतं. “मुलीचं लग्न ठरायचंय, बाहेर बोलू नका.” गर्भाशयमुखाचा कॅन्सर आईकडून मुलीला वारशानं येत नाही. तो याच एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि संसर्गापासून कॅन्सरपर्यंत साधारण 15 ते 20 वर्षं जातात. हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी बहुतेक स्त्री-पुरुषांना गाठतो, त्यामुळे त्यावरून बाईच्या चारित्र्याचा हिशेब मांडणं हा निव्वळ दुष्टपणा आहे. करणी, मागच्या जन्मीचं पाप, हेही त्याच पंक्तीतलं. बीजकोशाच्या कॅन्सरची गोष्ट वेगळी. तो काही घराण्यांत बीआरसीए जनुकांतल्या बिघाडामुळे येतो, आणि तिथे लपवाछपवीनं मुलीचंच नुकसान होतं.

“पॉझिटिव्ह राहा म्हणजे कॅन्सर हरेल” हा सल्लाही मला सहन होत नाही. लढाऊ वृत्तीनं आयुष्य वाढतं असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या 235 स्त्रियांवरच्या, 2001 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधारगटानं आयुष्य वाढलं नाही, पण मनाचा त्रास आणि दुखणं कमी झालं. तेवढ्यासाठी आधारगट जरूर असावेत. रडलीस म्हणून आजार उलटला, असं मात्र कुणी कुणाला ऐकवू नये.

राहिल्या साठी ओलांडलेल्या. त्या शांत दिसतात आणि पुष्कळदा खरंच शांत असतात, पण त्यांच्या तक्रारी केसपेपरवर येत नाहीत. अनेक ठिकाणी पेशंटला 0 ते 10 आकड्यांचा छापील थर्मामीटर दाखवून “मनाला किती त्रास आहे?” असं विचारतात. चार किंवा जास्त आलं तर पुढची चौकशी होते. आजी दोनवर बोट ठेवते, “बरंय माझं” म्हणते, आणि तपासणी पुढे सरकते. त्यापेक्षा “रात्री लघवीला किती वेळा उठता?” किंवा “एसटीनं गावाला जाणं बंद केलंय का?” असं विचारलं तर उत्तर मिळतं. शेकामुळे मूत्राशय आणि आतड्यांना सूज येते, लघवी थांबत नाही, पातळ होतं, आणि मग बाई लग्नकार्याला, कीर्तनाला जाणं सोडते. घरचे म्हणतात, वयामुळे आताशा तिला नकोसं वाटतं. त्यावर गोळ्या आहेत, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, जेवणातले बदल आहेत, आणि सत्तरीतही त्यांचा उपयोग होतो.