उच्च-कॉम्प्रेशन इंजिन आणि पंपावरचे पेट्रोल

शर्यतीसाठी बांधलेले, साधारण १२:१ किंवा त्याहून जास्त संपीडन गुणोत्तराचे (गॅरेजच्या भाषेत कॉम्प्रेशनचे, म्हणजे पिस्टन तळातून माथ्यापर्यंत येताना हवा-पेट्रोलचे मिश्रण किती पट दाबले जाते त्याचे) इंजिन पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलवर नॉकिंग न करता चालावे म्हणून त्यात केलेले फेरबदल. अमेरिकेत १९६०च्या दशकातली मोठी व्ही-८ इंजिने सांभाळणाऱ्यांचा हा जुना उद्योग आहे.

ठिणगी पडल्यावर ज्वाला सिलिंडरभर पसरत जाते. कोपऱ्यात उरलेले मिश्रण तोवर दाबाने व उष्णतेने आपोआप पेटले, तर दाबाच्या लाटा भिंतींवर आदळून टकटक ऐकू येते. हेच नॉकिंग. ते वाढले की पिस्टनच्या माथ्याला खड्डे पडतात, पिस्टनवरचा रिंगांमधला काठ तुटतो. ऑक्टेन अंक म्हणजे अशा अवेळी पेटण्याला पेट्रोल किती विरोध करते त्याचे माप. जास्त ऑक्टेनमध्ये जास्त ताकद भरलेली असते, ही समजूत चुकीची आहे.

शेव्हरोले कॉर्व्हेटचे एल८८ इंजिन हे याचे ठळक उदाहरण. १९६७ ते १९६९ या तीन वर्षांत ४२७ घनइंचांच्या या इंजिनाच्या जेमतेम २१६ गाड्या निघाल्या. सुरुवातीचे कॉम्प्रेशन १२.५:१ होते आणि गाडीतच ताकीद चिकटवलेली असे: किमान १०३ रिसर्च ऑक्टेनचे (रिसर्च ही ऑक्टेन मोजण्याच्या दोन चाचण्यांपैकी एक) इंधन वापरा, नाहीतर इंजिन बिघडेल. कागदावर ४३० अश्वशक्ती लिहिली होती. खरी ताकद ५००च्या वर होती. पुढे ऑक्टेन वाढवण्यासाठी पेट्रोलमध्ये घातले जाणारे शिसे काढून टाकण्याच्या तयारीत जनरल मोटर्सने १९७१च्या गाड्यांचे कॉम्प्रेशन उतरवले. रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल अमेरिकेत १९९६पासून पूर्ण बंद झाले, भारतात २०००पासून. इंजिने मात्र उरली. शिशाच्या थराने झडपांच्या बैठकींचे रक्षण होत असे, त्यामुळे अशा जुन्या हेडमध्ये (झडपा बसवलेल्या, सिलिंडरांवरच्या झाकणात) एक्झॉस्टच्या बाजूला टणक बैठकी बसवाव्या लागतात. तो खर्च वेगळा.

कॉम्प्रेशनचा कागदावरचा आकडा फसवा असतो, कारण पिस्टन तळापासून वर निघाला तरी इनलेट (मिश्रण आत घेणारी) झडप उघडीच असते आणि खरे दाबणे ती मिटल्यावर सुरू होते. शेव्हरोलेच्याच ३५० घनइंची इंजिनाचा हिशोब पाहता येईल: सिलिंडरचा व्यास ४ इंच, धाव ३.४८ इंच, कनेक्टिंग रॉड ५.७ इंच. कागदी कॉम्प्रेशन १२:१ धरले आणि पिस्टन तळाशी पोचल्यानंतर क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) ५० अंश फिरल्यावर झडप मिटली, तर प्रत्यक्षातले गुणोत्तर सुमारे १०.५ येते. झडप उशिरा मिटवणारा कॅमशाफ्ट (झडपा उघडमीट करणारा दांडा) घालून तीच गोष्ट ७० अंशांवर नेली, तर ते ९.१ वर उतरते. म्हणजे हेड न उघडता जवळपास दीड अंक कमी. पण हा उपाय सर्वकाळ लागू पडत नाही. वेग वाढला की आत येणारी हवा स्वतःच्या जोरावर सिलिंडर भरते आणि लाभलेली सवलत आटते. शिवाय सिग्नलवर असा कॅम गाडीला अडखळवतो.

दुसरा मार्ग ज्वलनकक्षाची जागा वाढवण्याचा. वरच्याच इंजिनात १२:१ला माथ्यावर सुमारे ६५ घनसेंमी जागा असते. १०:१ हवे तर जवळजवळ ८० लागते. फरक १४-१५ घनसेंमीचा, तीन चहाच्या चमच्यांइतका. हेडखालचे गॅस्केट (सांधा बंद करणारी चकती) एक मिलिमीटरने जास्त जाड घातले की त्यातले आठ मिळतात, म्हणून अनेकांचा हात आधी तिकडेच जातो. ही चूक आहे. पिस्टनचा सपाट भाग आणि हेड यांतले अंतर एक मिलिमीटरच्या आसपास असले तर मिश्रण मध्याकडे पिळले जाऊन घुसळते आणि लवकर जळते. गॅस्केट जाड करून ते दुप्पट केले, तर कॉम्प्रेशन उतरूनही टकटक राहू शकते. माथ्याला खोलगट पिस्टन महाग पडतात, तरी खरे काम तेच करतात.

उरलेले उपाय उष्णतेचे. ॲल्युमिनियमचे हेड बिडाच्या हेडपेक्षा लवकर उष्णता काढून घेते. थंड जातीचे प्लग, घासून गुळगुळीत केलेल्या कडा, इंजिनखोलीबाहेरून घेतलेली गार हवा यांनीही फरक पडतो. टायमिंग मागे घेणे, म्हणजे ठिणगी उशिरा पाडणे, सर्वांत सोपे. मात्र त्याने ताकद जाते आणि एक्झॉस्ट तापतो, तेव्हा एवढ्यावर भागवणे म्हणजे दुखणे तसेच ठेवून कण्हणे बंद करणे. पाण्याचा फवाराही जुना आहे. १९६२च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये टर्बोसोबत (सिलिंडरात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्यासोबत) १०.२५:१ कॉम्प्रेशन होते आणि नॉकिंग रोखायला पाणी व मिथेनॉलची टाकी दिली होती. मालक ती भरायलाच विसरत. ऑक्टेन वाढवणाऱ्या बाटल्या घेताना बारीक अक्षरे वाचावीत: त्यांच्यावरचा ‘पॉइंट’ पुष्कळदा एक दशांश ऑक्टेन असतो.

अमेरिकन मजकूर वाचून काम करणाऱ्या मराठी हौशींसाठी एक सूचना. तिथल्या पंपावरचा आकडा रिसर्च आणि मोटर या दोन चाचण्यांची सरासरी असतो, आपल्याकडचा फक्त रिसर्चचा. त्यामुळे तिथले ९३ म्हणजे आपल्या हिशोबाने ९७-९८. २० टक्के इथेनॉल येण्यापूर्वीचे आपले साधे ९१ त्यांच्या ८७च्या घरात बसत असे. ‘९१वर चालते’ एवढे वाचून पिस्टन मागवणाऱ्याची फसगत ठरलेली. १०० ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२०पासून मुंबई-पुण्यासह काही शहरांत आले, पण प्रत्येक पंपावर ते मिळत नाही. २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणामुळे ऑक्टेन चढते, हा उच्च-कॉम्प्रेशनवाल्यांचा फायदाच. मात्र इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी छिद्रे) तेच ठेवले तर मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी असे, होते, आणि पातळ मिश्रण इंजिन तापवते. जेट मोठे करावे लागतात, जुन्या रबरी नळ्याही बदलाव्या लागतात.