हेडलाइटची वायर डॅशबोर्डमार्गे का गेली? रिले किटमागची पार्श्वभूमी

उजेड कमी पडतो म्हणून १००/९० वॅटचा (अप्पर म्हणजे लांबच्या झोताला १००, डिपर म्हणजे जवळच्या झोताला ९०) बल्ब आणायचा, मूळ होल्डरमध्येच बसवायचा आणि काही महिन्यांत होल्डर वितळला की बल्ब वाईट ठरवायचा, हे आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. बहुतेक वेळा बल्बचा त्यात दोष नसतो. जी वायर आणि जो स्विच त्या बल्बला वीज पुरवतात, ते त्याच्या आधीच्या पिढीतल्या दिव्यासाठी केलेले असतात. रिले किट हा त्यावरचा उपाय: रिले म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठ्या करंटचा रस्ता चालू-बंद करणारा विजेचा स्विच.

मोटारींचे सुरुवातीचे दिवे कार्बाइडवर पाणी ठिबकवून तयार होणाऱ्या ॲसिटिलीन वायूवर जळत. १९१२ साली कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले आणि दिवा पेटवणं चालकाच्या बोटावर आलं. १९२५ मध्ये बिलक्स हा दोन फिलामेंटचा (तापून उजळणाऱ्या दोन तारांचा) बल्ब आला. अप्पर आणि डिपर एकाच काचेत आले, त्यांची अदलाबदल करणारा आणखी एक स्विच सर्किटमध्ये शिरला. दिव्यांचा सगळा करंट चालकाच्या हाताखालून आणि पायाखालून जायचा तो तेव्हापासून. बॅटरी, तिथून अँमीटर (करंट दाखवणारा काटा), डॅशबोर्डवरचा लाइट स्विच, फळीवर पायाने दाबायचा डिपर, मग परत बॉनेटखाली येऊन दोन्ही दिवे, असा हा फेरा. जुन्या अँबॅसेडर आणि जीपमध्ये पायाचा डिपर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा रस्ता लगेच ओळखू येईल.

पुढे ६ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट रूढ झाले. ४५ वॅटचा फिलामेंट ६ व्होल्टवर साडेसात अँपिअर घेतो, १२ व्होल्टवर पावणेचार. करंट निम्मा झाल्यावर बारीक वायर पुरेशी ठरली, आणि त्या हिशेबात ती पुरेशी होतीच. ४५/४० वॅटच्या जोडीला अप्परवर एकूण साडेसात अँपिअर लागत. अँबॅसेडर, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी पद्मिनी, जीप या सगळ्यांचा सात इंची गोल दिवा याच पिढीतला.

मग हॅलोजन आला. टंगस्टनची वाफ काचेवर न बसता फिलामेंटकडे परत जावी, यासाठी बल्बमध्ये थोडा हॅलोजन (आयोडीनसारखं मूलद्रव्य) भरण्याच्या युक्तीचं पेटंट अमेरिकेत १९५९ मध्ये मिळालं. एका फिलामेंटचा एच१ युरोपात १९६२ ला आणि दोन फिलामेंटचा एच४ १९७१ ला आला. एच४ ची मान्य क्षमता ६०/५५ वॅट आणि उजेड साधारण १६५०/१००० ल्युमेन. सात इंची रिफ्लेक्टर बदलून एच४ चा बसवला की दिवा नव्या पिढीत आला, पण वायरिंग जुन्याच पिढीत राहिलं. साडेसातच्या जागी आता दहा अँपिअर. रॅलीसाठी आणि रस्त्याबाहेरच्या वापरासाठी निघालेले १००/९० आणि १३०/१०० चे बल्ब त्याच होल्डरमध्ये बसतात, म्हणून बाजारात तेही सर्रास मिळू लागले. १०० वॅटची जोडी १६.७ अँपिअर घेते, १३० ची २१.७. गाडीत वीज तयार करणाऱ्या लुकासच्या सी-४० डायनेमोची पूर्ण क्षमता २२ अँपिअर होती, म्हणजे डायनेमोच्या गाडीत नुसत्या अप्परनेच ती संपली. इग्निशन आणि वायपर बॅटरीवर.

वॅट वाढवून उजेड त्या प्रमाणात का वाढत नाही, हे व्होल्टेजच्या गणितात आहे. १ चौरस मिमी तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण १८.५ मिलीओम. पाच मीटरच्या फेऱ्यात दहा अँपिअरला ०.९ व्होल्ट नुसती वायर खाते. झिजलेले स्विच, गंजलेले जोड आणि सैल अर्थिंग (बॅटरीच्या मायनसकडे परतीचा रस्ता) मिळून आणखी अर्धा व्होल्ट सहज जातो. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या सुमारे ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीस टक्के जातो आणि पांढरा प्रकाश पिवळट होतो. करंट वाढला की हा तोटाही वाढतो, त्यामुळे जुन्या वायरवर १०० वॅटच्या बल्बला आणखी कमी व्होल्ट मिळतात.

उष्णतेचा हिशेब त्याहून वाईट आहे, कारण ती करंटच्या वर्गाने वाढते. स्विचच्या झिजलेल्या पॉइंटचा रोध ०.०२ ओम धरा. दहा अँपिअरला तिथे २ वॅट उष्णता, २१.७ अँपिअरला ९.४ वॅट, तीही स्टिअरिंगखालच्या प्लास्टिकच्या डबीत. थंड फिलामेंट चालू होताना क्षणभर नेहमीच्या आठ-दहा पट करंट ओढतो, त्याने पॉइंटवर ठिणगी पडते आणि रोध आणखी वाढतो. ब्रिटिश धाटणीच्या अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइटला फ्यूजच नव्हता, हे विसरू नये.

उपाय रिलेचा, आणि तो टेलिग्राफइतका जुना आहे. जाड वायरने बॅटरीकडून दिव्यापर्यंत थेट सरळ रस्ता द्यायचा आणि चालकाच्या स्विचकडे फक्त इशारा ठेवायचा. रिलेच्या कॉइलला (इशारा मिळताच आतला स्विच ओढणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला) सुमारे ०.१५ अँपिअर लागतो, म्हणजे स्विचवरचा भार दहा अँपिअरवरून तेवढ्यावर उतरतो. पुढे कारखान्यांनीही हाच मार्ग घेतला. बाजारातलं तयार किट म्हणजे हेच काम जुन्या गाडीत नंतर करणं.

काम सुरू करण्याआधी मोजा. दिवे लावून, इंजिन जरा जास्त आरपीएमवर ठेवून मल्टिमीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर आणि काळी होल्डरच्या प्लस पत्तीवर लावा. बल्ब जोडलेलाच हवा, करंट वाहत नसेल तर आकडा खोटा येतो. मग होल्डरची अर्थ पत्ती आणि बॅटरीचं मायनस यांच्यात मोजा. दोन्हींची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या वर गेली तर काम करण्याजोगं आहे. चांगल्या वायरिंगमध्ये ती ०.३ च्या आत राहते.

सामान थोडंच: ३० अँपिअरचे दोन रिले, एक डिपरला, एक अप्परला. बॅटरीकडून रिलेपर्यंत ४ चौरस मिमी, रिलेपासून प्रत्येक दिव्याला २.५ चौरस मिमी, आणि प्रत्येक दिव्याची अर्थ वायरही २.५ चीच. ही शेवटची वायर लोक सोडून देतात आणि निम्मा फायदा तिथेच गमावतात. फ्यूज प्रत्येक दिव्याला वेगळा असावा, म्हणजे एका बाजूला शॉर्ट झाला तरी दुसरा दिवा घाटात सुरू राहतो. ६०/५५ ला १० अँपिअर, १००/९० ला १५. मुख्य वायरवर बॅटरीपासून १५–२० सेंमीच्या आत ३० चा फ्यूज, कारण त्याच्या आधीचा तुकडा असुरक्षित असतो. होल्डर सिरॅमिकचे घ्या.

रिलेच्या पायांवरचे आकडे डीआयएन या जर्मन मानकाचे आहेत. ३० वर बॅटरी, ८७ वर दिवा, ८५ आणि ८६ कॉइल. पाच पायांच्या रिलेत मधला पाय ८७ए असेल तर तो बंद अवस्थेत ३० ला जोडलेला असतो. तिथे दिवा जोडला तर गाडी बंद करूनही तो जळत राहतो. जुन्या होल्डरची एक बाजू कॉइलला इशारा देते, दुसरी बाजू टेप करून बांधून ठेवायची. इथे एक फसगत ठरलेली: युरोपीय पद्धतीत होल्डरची सामाईक पत्ती अर्थ असते, पण अनेक जपानी घडणीच्या गाड्यांत सामाईक पत्तीवर प्लस असतो आणि स्विच मायनस तोडतो. रंगावर विसंबू नका, मीटर लावा. अशा गाडीत ८६ सामाईक प्लसवर आणि ८५ स्विचकडून येणाऱ्या मायनसवर. कॉइलमध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले असेल तर उलट जोडणी चालत नाही.

अँमीटर असलेल्या गाडीत मुख्य वायर बॅटरीवरून घेऊ नये. तसं केलं तर दिव्यांचा करंट अँमीटरला चार्जिंग म्हणून दिसतो आणि तो सगळा अँमीटर व जुन्या चार्जिंग वायरमधून वाहतो. ती ऑल्टरनेटरच्या आउटपुटच्या बाजूने घ्यावी. रिले पाय खाली करून बसवा, नाहीतर पावसाळ्यात आत पाणी साचून पत्त्या हिरव्या पडतात. अर्थचा बोल्ट रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून घट्ट करा आणि वर पेट्रोलियम जेली लावा. लग (वायरच्या टोकाची धातूची पत्ती) नीट क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा. पिळून टेप मारलेला जोड हा नवा रोधच असतो.

वायरिंग झाल्यावर आधी ६०/५५ चाच बल्ब लावून पुन्हा मोजा. १२.२ व्होल्टवरून १३.२ वर आलेला ६०/५५ सुमारे तीस टक्के जास्त उजेड देतो, आणि बहुतेकांची तक्रार इथेच मिटते. रस्त्यासाठी मान्य बल्ब तोच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या अनधिकृत बदलांवर बंधन घालतं, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत १०० वॅट मारणं धोक्याचं आहे. जास्त वॅटचा बल्ब रॅलीत किंवा रस्त्याबाहेर वापरायचा, तर धातूचा रिफ्लेक्टर आणि काचेचं भिंग हवं. पॉलिकार्बोनेटचं भिंग आणि प्लास्टिकचा रिफ्लेक्टर उष्णतेने धुरकट व तपकिरी होतात, चमक उडते आणि जादा वॅट वाया जातात. पूर्ण व्होल्टेज मिळालं की बल्बचं आयुष्यही घटतं, तेव्हा सुटा बल्ब गाडीत ठेवावा.

ज्यांचे दिवे कंट्रोल मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) चालवतो अशा नव्या गाड्यांत हे किट जसंच्या तसं बसवू नये. काही मॉड्यूल दिव्याला सलग वीज न देता तुकड्यातुकड्यांनी देतात, त्याने रिले खडखडतो. काही मॉड्यूल करंट मोजतात आणि कॉइलचा ०.१५ अँपिअर पाहून बल्ब उडाल्याचा इशारा लावतात.